धमनी बांधायची की जोडायची?

१९४६ साली ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’ या अमेरिकी नियतकालिकात मायकेल डीबेकी आणि फिओरिंदो सिमिओनी या दोन शल्यविशारदांचा लेख प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना झालेल्या धमनीच्या २,४७१ जखमांचा तो हिशेब होता. त्यांपैकी फक्त ८१ जखमांमध्ये फाटलेली धमनी टाके घालून शिवली गेली होती. बाकी बहुतेक ठिकाणी रक्त थांबवण्यासाठी ती दोऱ्याने बांधून टाकली होती. धमनी बांधलेल्या सैनिकांपैकी ४९ टक्क्यांचा हात किंवा पाय पुढे कापावा लागला. गुडघ्यामागच्या धमनीला इजा झालेल्यांचे हाल याहून वाईट होते. त्यांच्यात हे प्रमाण ७० टक्क्यांच्याही वर गेले होते.

धमनी शिवण्याची विद्या तेव्हा नवी नव्हती. माणसाच्या मांडीतली तुटलेली धमनी जोडल्याला ५० वर्षे झाली होती आणि या विद्येला नोबेल पारितोषिक मिळूनही ३४ वर्षे लोटली होती. तरीही शेकडो तरुण पाय गमावून घरी परतले. पुढच्या दहा वर्षांत मात्र हे चित्र पालटले. ते कसे पालटले, याचा इतिहास आज आपल्या रस्त्यांवर जखमी होणाऱ्या माणसांसाठीही महत्त्वाचा आहे.

बांधण्याची परंपरा

रणांगणावरच्या वैद्याचे पहिले काम वाहते रक्त थांबवणे. सोळाव्या शतकापर्यंत युरोपात त्यासाठी लाल तापलेले लोखंड वापरत. फ्रेंच शल्यवैद्य ऑम्ब्रोआज पारे याने १५५२ च्या एका वेढ्यात पाय कापताना डागण्याऐवजी रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. रुग्णाच्या यातना कमी झाल्या आणि जीव वाचण्याची शक्यता वाढली. दोऱ्याचा बंध हे शल्यवैद्याचे मुख्य हत्यार बनले.

या हत्याराला शास्त्राचा आधार मिळवून दिला तो लंडनच्या जॉन हंटरने. १७८५ मध्ये त्याच्याकडे एक घोडागाडीवान आला. त्याच्या गुडघ्यामागची धमनी फुगून तिचा मोठा फुगवटा झाला होता. अशा रुग्णाचा पाय कापण्याची तेव्हा रीत होती. हंटरने फुगवट्याला हात न लावता वर मांडीतच धमनी बांधली आणि पाय वाचला. मुख्य मार्ग बंद झाल्यावर आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि खालच्या भागाला रक्त पोचवतात, हे त्याने ओळखले होते.

या यशातून एक चुकीचा धडाही घेतला गेला. हंटरच्या रुग्णाचा आजार सावकाश वाढला होता, त्यामुळे पर्यायी वाहिन्यांना तयार व्हायला बराच अवधी मिळाला होता. गोळी लागलेल्या सैनिकाची धमनी क्षणात तुटते आणि तो अवधी मिळतच नाही. शिवाय त्याच घावात आसपासचे स्नायू आणि बारीक वाहिन्याही चिरडलेल्या असतात. गुडघ्यामागची धमनी तर वर मांडीच्या स्नायूंच्या फटीत आणि खाली पोटरीच्या स्नायूच्या कमानीखाली जखडलेली असते. गुडघा निखळला की ती ताणली जाते, फाटते. तिच्या भोवतालच्या पर्यायी वाहिन्या इतक्या तोकड्या असतात, की ती एकदम बंद पडल्यावर पोटरी आणि पाऊल यांना बहुधा पुरेसे रक्त मिळत नाही. लढाईत बांधलेल्या धमन्यांमुळे पाय का जात होते, याचे उत्तर या फरकात आहे.

शिकागो आणि ल्यों

१८९६ मध्ये शिकागोच्या जॉन बेंजामिन मर्फी यांनी गोळीने जखमी झालेली मांडीची धमनी बांधली नाही. खराब झालेला तुकडा काढून त्यांनी एक टोक दुसऱ्या टोकात सरकवले आणि टाके घातले. पायाचे रक्ताभिसरण टिकले. माणसाच्या तुटलेल्या धमनीची दोन टोके यशस्वीपणे जोडल्याची ही पहिली नोंद मानली जाते.

त्याच्या दोन वर्षे आधी, १८९४ मध्ये, फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर ल्यों शहरात सुऱ्याने हल्ला झाला. घाव यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला लागला होता. ती शिवता येईल असे कोणालाच वाटत नव्हते आणि कार्नो दगावले. त्याच शहरात वैद्यक शिकणाऱ्या अलेक्सी कारेल या तरुणाला हे पटेना. रक्तवाहिनी शिवता आलीच पाहिजे, असे त्याने मनावर घेतले. कारेलने ल्योंमधल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून बारीक सुई आणि रेशमी धागा चालवण्याचे कसब शिकून घेतले. १९०२ मध्ये त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली. दोन्ही टोकांच्या कडांवर सारख्या अंतराने तीन टाके घालून ते ओढले की गोल तोंडाचा त्रिकोण होतो. मग तिन्ही सरळ बाजू निवांतपणे शिवता येतात. पुढे अमेरिकेत त्याने या पद्धतीने रक्तवाहिन्यांचे तुकडे आणि अवयवही जोडून पाहिले. १९१२ चे नोबेल पारितोषिक त्याला या कामासाठी मिळाले.

तंत्र हाती आले होते, तोवर पहिले महायुद्ध सुरू झाले. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बर्ट्राम बर्नहाइम हे रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेतले जाणकार मोठ्या उमेदीने फ्रान्समधल्या आघाडीवर गेले. त्यांना जखमांमध्ये खंदकांतला चिखल आणि शेणखताची माती भरलेली दिसली. जखमी सैनिक रुग्णालयात येईपर्यंत जखमा सडू लागलेल्या असत. अशा ठिकाणी घातलेला टाका तुटून पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका होता. त्या काळी प्रतिजैविके नव्हती. बर्नहाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धमन्या बांधल्याच.

दोन युद्धांमधल्या काळात आणखी दोन साधने तयार झाली. पहिल्या साधनाचे मूळ थोडे आधीचे होते: १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्येच जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला रक्त गोठू न देणारा पदार्थ सापडला. त्यातून हेपॅरिन हे औषध आले आणि १९३० च्या दशकात टोरांटोमध्ये ते माणसाला देण्याइतके शुद्ध झाले. लिस्बनमध्ये १९२९ साली रेनाल्दो दुश सांतुश यांनी महाधमनीत क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडून पायाकडे जाणाऱ्या धमन्यांचे चित्र घेतले. रक्त नेमके कुठे अडले आहे, ते आता शस्त्रक्रियेआधी पाहता येऊ लागले.

८१ टाके

दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलीन होते, साठवलेले रक्त होते, भूलही सुधारली होती. तरी टाके ८१ च जखमांत पडले, कारण अडचण वेळेची होती. जखमी सैनिक झोळीवरून, मग खडबडीत रस्त्यांवरून मोटारीने शस्त्रक्रियेच्या तंबूत पोचेपर्यंत कितीतरी तास उलटत. तिथे एकाच वेळी पोट फाटलेले, छाती फुटलेले अनेक जण वाट पाहत असत. एका पायासाठी दोन-तीन तास देणे म्हणजे दुसऱ्या कुणाच्या जिवावर बेतणे होते. धमनी हळुवार धरणारे चिमटेही आघाडीवर नव्हते. डीबेकी आणि सिमिओनी यांनी स्पष्टच लिहिले, की धमनी बांधणे हा कोणी आवडीने निवडलेला उपाय नव्हता, परिस्थितीने तो लादला होता. जिथे टाके घातले, तिथे पाय कापण्याचे प्रमाण ३५.८ टक्के होते. फरक दिसत होता, पण ८१ हा आकडा इतका लहान होता की त्यावरून धोरण बदलणे कोणाला शक्य वाटले नाही.

सिमिओनी यांनी काम केले ते भूमध्य सागराच्या आघाडीवर. तिथेच इटलीत मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या पलटणी लढत होत्या. यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये तिथे वीरमरण आले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नामदेव जाधव यांनी १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर आपल्या जखमी साथीदारांना गोळीबारातून आणि पाण्यातून वाहून पलीकडे आणले आणि तोच सन्मान मिळवला. जखमी माणूस डॉक्टरपर्यंत असाच, दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवरून पोचत होता. त्याच्या पायाचे भवितव्य या प्रवासातच ठरत असे.

याच युद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना एरिक बायवॉटर्स या डॉक्टरांच्या लक्षात एक गोष्ट आली. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास पाय अडकलेली माणसे सुटका झाल्यावर बरी वाटत आणि काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. चिरडलेल्या स्नायूंतली विषारी द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडे बंद पाडत होती. १९४१ मध्ये त्यांनी हे मांडले. मेलेल्या स्नायूत पुन्हा रक्त सोडणे जिवावर बेतू शकते, हा धडा पुढे धमनी जोडणाऱ्यांना लक्षात ठेवावा लागला.

महायुद्धानंतर १९४९ मध्ये मिलर आणि वेल्च या संशोधकांनी कुत्र्यांवर प्रयोग करून वेळेचे गणित मांडले. रक्तप्रवाह सहा तासांच्या आत पूर्ववत केला, तर १० पैकी ९ अवयव वाचत. बारा ते अठरा तासांनी जवळजवळ निम्मे वाचत आणि चोवीस तासांनंतर फार थोडे. ‘सहा तास’ हा मापदंड तेव्हापासून रूढ झाला.

कोरिया: नियम मोडणारे तरुण

१९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले, तेव्हा अमेरिकी सैन्याचे अधिकृत धोरण धमनी बांधण्याचेच होते. पण दोन गोष्टी बदलल्या होत्या. आघाडीपासून थोड्या अंतरावर फिरती शस्त्रक्रिया रुग्णालये उभी राहिली होती आणि जखमींना हेलिकॉप्टरने तिथे आणले जात होते. जिथे आधी दहा-बारा तास लागत, तिथे माणूस काही तासांतच टेबलावर येऊ लागला.

मरीन सैनिकांबरोबर असलेले तरुण शल्यविशारद फ्रँक स्पेन्सर यांनी धोरण बाजूला ठेवून धमन्या जोडायला सुरुवात केली. तुटलेल्या भागाच्या जागी त्यांनी मृत सैनिकांच्या धमन्यांचे तुकडे वापरले. सैन्याच्या बाजूने एडवर्ड जान्के, कार्ल ह्यूज आणि जॉन हॉवर्ड यांनी हे काम शिस्तीने पुढे नेले. धमनीला इजा न करता पकडणारे चिमटे मागवले गेले, आघाडीवरच्या डॉक्टरांना तंत्र शिकवले गेले आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली गेली. रुग्णाच्याच दुसऱ्या पायातली वरवरची लांब शीर काढून धमनीच्या जागी बसवणे अधिक टिकाऊ ठरते, हेही दिसून आले. शिरेत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, म्हणून ती उलटी फिरवून बसवावी लागते.

१९५८ मध्ये ह्यूज यांनी हिशेब मांडला. ३०४ धमन्यांपैकी २६९ जोडल्या गेल्या होत्या. अवयव कापण्याचे प्रमाण ४९ वरून १३ टक्क्यांवर आले होते. गुडघ्यामागच्या धमनीच्या जखमांत ते ७० च्या वरून सुमारे ३२ टक्क्यांपर्यंत घटले. ज्ञान तेच होते. बदलली होती ती रुग्णाला आणण्याची गती, हत्यारांची उपलब्धता आणि डॉक्टरांची जिद्द.

या युद्धात भारताने लढाऊ सैन्य पाठवले नाही, डॉक्टर पाठवले. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखालील ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स १९५० च्या नोव्हेंबरमध्ये कोरियात उतरली. १९५१ च्या मार्चमध्ये तिचे काही डॉक्टर आणि सेवक अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानातून उडी मारून थेट रणभूमीवर पोचले. जखमी येण्याची वाट न पाहता शस्त्रक्रिया त्याच्याजवळ नेण्याचे हे ठळक उदाहरण होते.

व्हिएतनाम ते बेलफास्ट

व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टर सर्रास वापरले गेले आणि अनेक जखमी एक-दोन तासांत रुग्णालयात पोचू लागले. तिथे काम केलेल्या नॉर्मन रिच यांनी वॉल्टर रीड रुग्णालयात १९६६ मध्ये रक्तवाहिन्यांच्या जखमांची कायमस्वरूपी नोंदवही सुरू केली. युद्ध संपल्यानंतरही त्या सैनिकांचे पाय कसे आहेत, याचा पाठपुरावा त्यात होत राहिला. १९७० मध्ये त्यांनी १,००० जखमांचा अहवाल दिला. अवयव कापण्याचे प्रमाण सुमारे १३ टक्केच होते आणि गुडघ्यामागच्या धमनीत सुमारे ३० टक्के. रुग्ण लवकर पोचत असूनही आकडा कोरियाइतकाच राहिला. नव्या रायफलींच्या गोळ्या आणि सुरुंग हाड, स्नायू, शीर सारे एकदम उद्ध्वस्त करत होते आणि पूर्वी वाटेतच मरण पावणारे गंभीर जखमीही आता टेबलावर येत होते. नुसती धमनी जोडून भागत नाही, हे या अहवालाने दाखवले.

यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. रक्त परत वाहू लागले की उपाशी राहिलेले स्नायू सुजतात. पोटरीचे स्नायू चार घट्ट आवरणांच्या कप्प्यांत असतात. सूज वाढली की कप्प्यातला दाब रक्तवाहिन्या पुन्हा दाबून टाकतो. म्हणून धमनी जोडतानाच ही आवरणे लांब चिरून मोकळी करायची, म्हणजे फॅसिओटॉमी करायची, हे वेळेवर करणे गरजेचे ठरले. दुसरी गोष्ट गुठळीची. अमेरिकेतल्या थॉमस फोगार्टी यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बारीक नळीच्या टोकाला लहानसा रबरी फुगा लावला. नळी गुठळीपलीकडे सरकवायची, फुगा फुगवायचा आणि ओढून गुठळी बाहेर काढायची. पूर्वी यासाठी मोठ्या चिरा घ्याव्या लागत. आता जांघेत छोटी चीर देऊन खालपर्यंतची गुठळी काढता येऊ लागली. पुढे धमनी जोडण्याआधी तिची दोन्ही टोके या फुग्याने साफ करणे हा शस्त्रक्रियेचा भाग बनला.

आणखी एक पेच उरला होता. बहुतेक वेळा धमनीबरोबर हाडही मोडलेले असते. आधी हाड बसवले, तर तोवर स्नायू मरतात. आधी धमनी जोडली, तर हाड ओढताना टाके तुटण्याची भीती. हा पेच सोडवण्यात गोव्याच्या मातीशी नाते असलेल्या एका शल्यविशारदाचा मोठा वाटा आहे. आयरिस बारोस डिसा यांचा जन्म केनियात, मूळ गोव्याच्या कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते बेलफास्टला गेले आणि तिथल्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद झाले. उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा बॉम्बस्फोट, गोळीबार आणि शिक्षा म्हणून गुडघ्यात गोळी घालण्याचे प्रकार रोजचे होते. रुग्णालय त्या भागातच असल्याने जखमी लगेच तिथे पोचत.

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बारोस डिसा यांनी ठरवून एक पद्धत वापरायला सुरुवात केली. रुग्ण आला की तुटलेल्या धमनीच्या दोन टोकांमध्ये आणि शिरेच्याही दोन टोकांमध्ये प्लास्टिकची तात्पुरती नळी बसवायची. रक्त लगेच पावलापर्यंत जाऊन परतू लागते. मग अस्थिशल्यविशारद निवांतपणे हाड बसवतात आणि शेवटी शिरेचा तुकडा घालून धमनी कायमची जोडली जाते. यामुळे पाय वाचण्याचे प्रमाण वाढले. हीच कल्पना २००० नंतर इराकमधल्या लष्करी रुग्णालयांत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

निदानाचा प्रवास

गोळीने फुटलेली धमनी डोळ्यांना दिसते. गुडघा निखळून किंवा हाड मोडून झालेली इजा मात्र दिसत नाही. तेव्हा धमनीची बाहेरची भिंत शाबूत राहते आणि कोटाचे अस्तर उसवावे तसा आतला पातळ पडदा फाटतो. फाटलेला पापुद्रा प्रवाहात उलटतो, त्यावर गुठळी धरते आणि मार्ग बंद होतो. थेंबभरही रक्त न सांडता पाय मरू लागतो. काही वेळा सुरुवातीला नाडी लागते आणि काही तासांनी नाहीशी होते.

युद्धांतल्या अनुभवामुळे सुरुवातीला धमनीजवळच्या प्रत्येक जखमेत आत शिरून पाहण्याचा दंडक होता. शहरांतल्या रुग्णालयांत त्यामुळे अनेकांवर विनाकारण शस्त्रक्रिया होऊ लागल्या. मग सरसकट अँजिओग्राफी सुरू झाली. तिलाही वेळ लागे आणि बहुतेक चित्रे निर्दोष येत. १९६० च्या दशकात सिॲटलमध्ये यूजीन स्ट्रँडनेस यांनी ध्वनिलहरींच्या डॉपलर यंत्राने रक्तप्रवाह ऐकण्याची पद्धत रुजवली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच शहरातल्या डॉक्टरांनी दाखवले, की जखमी पायाच्या घोट्यातला रक्तदाब हातातल्या रक्तदाबाच्या ०.९ पटीहून कमी असेल, तर धमनीची इजा गृहीत धरून पुढचा तपास करावा. आता सीटी अँजिओग्राफी काही मिनिटांत संपूर्ण पायाचे चित्र देते. पण ज्याचे पाऊल थंड, पांढरे, बधिर आणि नाडीविना आहे, त्याला चित्रासाठीही थांबवू नये, असे जाणकार सांगतात. तिथे निदान हातानेच झालेले असते.

इतिहासाचा निर्णय

या साऱ्या काळाकडे एकत्र पाहिले, तर एक निष्कर्ष निघतो. पाय वाचवणारे कौशल्य १९०२ मध्येच तयार होते. ते रुग्णापर्यंत पोचायला अर्धशतक लागले, कारण रस्ता, वाहन, हत्यारे, धोरण आणि नोंदी या गोष्टी मागे राहिल्या होत्या. त्या जिथे जुळून आल्या, तिथे काही वर्षांतच आकडे बदलले. रिच यांची नोंदवही आणि ह्यूज यांचे तक्ते यांचे मोल स्पेन्सर यांच्या टाक्यांपेक्षा कमी नाही. मोजल्याशिवाय कोणते धोरण पाय वाचवते आणि कोणते घालवते, हे कळले नसते.

आज महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर दुचाकीच्या अपघातांत गुडघे निखळतात, पोटरीची हाडे मोडतात. रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद मोठ्या शहरांत आहेत. तालुक्यातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून शहरात जाताना जे तास जातात, तेच पायाचे तास असतात. म्हणून अशा जखमीजवळ असणाऱ्या प्रत्येकाने दोन्ही पावले उघडी करून पाहावीत. जखमी बाजूचे पाऊल दुसऱ्यापेक्षा थंड किंवा फिके आहे का, बोटे हलतात का, स्पर्श कळतो का, हे तपासावे. शंका आली, तर १०८ ला फोन करताना आणि पहिल्या डॉक्टरांना भेटताना ‘पावलात रक्त येते आहे का, ते पाहा’ असे स्पष्ट सांगावे आणि धमनी जोडण्याची सोय जिथे आहे, तिथेच रुग्णाला न्यावे. प्लास्टर घातल्यावरही पावलाची तपासणी पुन्हापुन्हा करून घ्यावी. अपघाताची वेळ कागदावर लिहून रुग्णासोबत पाठवावी. सहा तासांची मोजणी तिथूनच सुरू होते.